पाळकांना अर्धं, डॉक्टरांना अर्धं: मन दुखावलेल्या ख्रिस्ती पुरुषाने सुरुवात कुठून करावी

रविवारची उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन माणूस म्हणतो, "साहेब, झोप लागत नाही हो, प्रार्थना करा." सोमवारी तोच माणूस कॉलेज रोडवरच्या डॉक्टरांपुढे बसतो आणि म्हणतो, "पित्त फार झालंय, डोकं जड राहतं." पाळकांना तो दारूचं सांगत नाही, डॉक्टरांना देवावरचा राग सांगत नाही, आणि बायकोला यातलं काहीच सांगत नाही. पाळक प्रार्थना करतात, डॉक्टर पित्ताची गोळी देतात. दोघंही आपलं काम मनापासून करतात आणि माणूस तसाच राहतो, कारण दोघांकडेही अर्धाच माणूस पोचलेला असतो.

मी डॉक्टर नाही, पाळकही नाही. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा माणूस. वडील गेल्यावर दोन वर्षं मी असाच अर्धा-अर्धा फिरलो. एका प्रार्थनासभेत मला सांगितलं गेलं की उपास वाढव, घरात कुठेतरी पाप लपलंय. एका दवाखान्यात पाच मिनिटांत झोपेची गोळी मिळाली. झोप का उडाली ते कुणी विचारलं नाही. पुढे दोन्हीकडे चांगली माणसं भेटली, आणि दोघांना एकमेकांबद्दल मी स्वतः सांगितलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता शनिवारी संध्याकाळी आम्ही काही पुरुष चर्चच्या मागच्या खोलीत बसतो. नवीन येणाऱ्याला आम्ही जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितोय.

पहिलं: आज रात्रीचा प्रश्न

मरून जावं असं वाटतंय का? कसं मरायचं ते मनात ठरलंय का? उत्तर हो असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ लावा, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात कुणाला तरी सोबत घेऊन जा.

दुसरं काम हाताने करायचं. आपला जिल्हा द्राक्षाचा आणि कांद्याचा. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे ज्यांची शेती आहे त्यांच्या शेडमध्ये फवारणीचं औषध असतंच. ते आजच भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाऊ द्या. स्वतःला संपवण्याची तीव्र लाट बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, आणि तेवढ्या वेळात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण काही दशकांत निम्म्याहूनही खाली आलं. डबा उचलून दुसरीकडे ठेवणं हीसुद्धा प्रार्थनाच समजा.

"पोलीस केस होईल" या भीतीने घरचे प्रयत्न लपवतात आणि उपचार राहून जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जाईल, त्याला शिक्षा होणार नाही, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात दर दहांत सात पुरुष होते, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. हे आपल्याच घरातलं आहे म्हणून इतकं स्पष्ट लिहितो.

दुसरं: गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. तोंडाने नाही विचारलं तरी चेहऱ्यावर दिसतं. त्याचं उत्तर आम्ही १ राजे, अध्याय १९ उघडून देतो.

एलीयाने कर्मेल डोंगरावर आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवलाय. लगेच ईजबेलची धमकी येते आणि हा खचतो. बैर-शेबाला पोचल्यावर चाकराला तिथेच ठेवतो आणि एकटाच रानात जातो. हे वाचताना आमच्याकडे हमखास कुणीतरी मान हलवतं: सोबतच्या माणसाला मागे ठेवून एकटं रानात जाणं आपल्याला ओळखीचं आहे. मग झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो. संदेष्टा, विश्वासाचा वीर, आणि मरण मागतो.

आता देव काय करतो ते क्रमाने बघा. दूत उपदेश करत नाही, वचन सांगत नाही, "विश्वास वाढव" म्हणत नाही. तो हात लावून उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर नि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवतो तेही खायला घालण्यासाठी. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न चाळीस दिवसांच्या चालीनंतर, होरेबवर येतो. आणि शेवटी त्याला काम मिळतं, सोबतीला अलीशा मिळतो. झोप, अन्न, चाल, प्रश्न, सोबती. आजचा चांगला मनोविकारतज्ज्ञही साधारण याच क्रमाने जातो.

पौलाच्या सोबत्यांमध्ये "प्रिय वैद्य लूक" होता. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसासाठी नुसती प्रार्थना केली नाही. तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या आणि उतारशाळेच्या मालकाला पैसे मोजले. मनाच्या आजाराबाबतही ख्रिस्ती लोकांनी हेच केलंय. १७९६ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती गृहस्थाने मनोरुग्णांसाठी साखळदंड आणि मारहाण नसलेलं घर उघडलं. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने घरच्या माणसाने रुग्णासोबत राहून उपचारात हातभार लावायची पद्धत रुजवली. म्हणजे आपण काही नवीन खूळ काढत नाही आहोत.

तिसरं: चौदा दिवसांची वही

उदास मन किंवा कशातच रस नसणं, आणि सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं हे जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. पण पुरुषांत ते बऱ्याचदा वेगळ्या वेशात येतं. मुलांवर ओरडणं, गाडी बेफाम चालवणं, मागून ओव्हरटाइम घेणं, रात्रभर मोबाइल, पाठदुखी, छातीत धडधड, बायकोपासून लांब राहणं. रडणारा पुरुष आजारी दिसतो, चिडणारा "स्वभावाने तसाच" दिसतो.

आपल्या देवळालीच्या नावावरून इंग्रजांच्या भाषेत एक शब्द पडला आहे, "डूलाली". एकोणिसाव्या शतकात देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक घरी जाणाऱ्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट बघत पडून असत. काम नाही, उकाडा, दारू, घराची ओढ. कित्येकांचं डोकं फिरायचं. त्याला त्यांनी नाव दिलं "डूलाली टॅप", आणि त्यातला टॅप म्हणजे आपला तापच. शब्द थट्टेचा झाला, माणसांचं दुःख त्याच्या खाली गेलं. पुरुषाच्या दुखऱ्या मनाला हसण्यावारी नेणं इतकं जुनं आहे, आणि आपल्या दारातलं आहे.

वहीत रोज चार ओळी पुरतात. झोप कधी लागली, कधी मोडली. काय खाल्लं, काय प्यालो, किती. कुणावर भडकलो. प्रार्थना झाली का, आणि झाली तर मनात काय होतं. त्याखाली दिवसाचा एक शब्द. आमच्या खोलीत "टेन्शन" या शब्दाला बंदी आहे, कारण तो सगळ्यावर पांघरूण घालतो. मराठीत शब्दांची कमी नाही: घुसमट, धास्ती, हुरहुर, शरम, चीड, उबग, पोकळी, तळमळ. दीड महिना "टेन्शन" म्हणणाऱ्या एका भावाने एका शनिवारी "शरम" लिहून आणलं. कर्जाची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आली. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या मेंदूचित्रणाच्या अभ्यासात भावनेला नाव दिल्यावर अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागाची हालचाल मंदावलेली दिसली होती. आम्हाला खोलीत जे दिसतं ते त्याच्याशी जुळतं.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. चाचणीवरून निदान होत नाही. डॉक्टरांपुढे तोंड उघडायला मात्र तिचा मोठा आधार होतो.

जमल्यास थायरॉइड, बी-१२ आणि साखरेची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंद असेल किंवा बी-१२ कमी असेल तरी माणूस उदास आणि थकलेला राहतो, आणि त्यावर समुपदेशनाचे दहा तास घालवण्यात अर्थ नाही.

चौथं: कोणाच्या दारात

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, नावापुढे एमडी, डीपीएम किंवा डीएनबी. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात, आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. "समुपदेशक" ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो, चर्चच्या आवारातही. म्हणून ख्रिस्ती समुपदेशकाला तीन गोष्टी विचारा: शिक्षण कुठलं, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, आणि कोणत्या रुग्णाला तुम्ही डॉक्टरांकडे पाठवता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुणालाच नाही, प्रभू पुरेसा आहे" असं आलं तर आभार मानून उठा.

पैशांची अडचण असेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं. रांग असते, सकाळी लवकर जा. खासगीत जाणार असाल तर फी आणि पहिल्या भेटीचा वेळ फोनवरच विचारा. ओळखीचं कुणी पाहील ही भीती खरी आहे. नाशिक रोडला राहणारे आमचे दोघे मुद्दाम गंगापूर रोडला जातात, आणि एक जण फोनवरूनच बोलतो. यात कमीपणा काही नाही.

डॉक्टर ख्रिस्तीच हवा का? माझं मत: नाही. माझे डॉक्टर ख्रिस्ती नाहीत. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "प्रार्थनेत पूर्वीसारखं मन लागतं का?" आणि तो प्रश्न माझ्या ओळखीच्या कित्येक ख्रिस्ती माणसांनी विचारला नव्हता. श्रद्धेचा मान ठेवणारा आणि आपलं शास्त्र पक्कं असणारा डॉक्टर बघा.

पाचवं: त्या खुर्चीत बसल्यावर

वही पुढे ठेवा. मग हे तीन वाक्यांत सांगा: "मी ख्रिस्ती आहे. प्रार्थना आणि मंडळी माझ्या आयुष्याचा भाग आहे. हे सगळं सुरू झाल्यापासून देवाबद्दल माझ्या मनात असं-असं येतं." शेवटचं वाक्य गाळू नका. "देव मला शिक्षा करतोय", "देवाने मला टाकलंय" हे विचार डॉक्टरांच्या उपयोगाचे असतात. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी संकटात श्रद्धा कशी काम करते याचा अनेक वर्षं अभ्यास केला. देवाचा आधार वाटणारी माणसं बहुधा सावरतात, आणि देव आपल्याला शिक्षा करतोय असं मानून झगडणारी अधिक खचतात, असं त्या कामातून पुढे आलं. श्रद्धा एकच, पण ती औषधासारखी लागू पडू शकते आणि जखमेसारखी ठसठसूही शकते. कोणती चालू आहे ते सांगितल्याशिवाय कळणार कसं?

औषध दिलं तर हे लक्षात ठेवा. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला सहा आठवडेही लागतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा होतो. लैंगिक इच्छा कमी होणं, वेळ लागणं हाही दुष्परिणाम असू शकतो, आणि नेमक्या याच कारणाने पुरुष न सांगता गोळ्या बंद करतात. डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलते, औषध बदलतं. एकदम बंद केल्यास चक्कर, झटके आल्यासारखं, चिडचिड होते, म्हणून कमी करायचं तेही हळूहळू, त्यांना विचारून.

उपवासकाळात हा प्रश्न हमखास येतो. गोळी चालू असताना उपास करायचा तर आधी विचारा. लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध घेणाऱ्याने पाणी कमी प्यायलं तर रक्तातलं लिथियम विषारी पातळीपर्यंत वाढू शकतं, म्हणून निर्जळी उपास त्याने करू नये. राखेच्या बुधवारी मटण सोडा, मोबाइल सोडा. पाणी आणि गोळी सोडू नका.

सहावं: पाळकांना उरलेलं अर्धं

रविवारी दाराशी नको. आठवड्यात फोन करून वेळ मागा आणि सरळ सांगा: "साहेब, मला नैराश्याचा आजार आहे, औषध चालू आहे, डॉक्टर अमुक आहेत. मला तुमच्याकडून प्रार्थना हवी आहे आणि सोबत हवी आहे. औषधाबद्दल सल्ला नको." एवढं स्पष्ट बोलल्यावर बहुतेक पाळकांना हायसं वाटतं, कारण सगळं आपल्यालाच बरं करायचंय या ओझ्यातून ते सुटतात.

आणि आधीच कबूल करून घ्या की हे प्रार्थना-विनंतीच्या यादीत जाणार नाही. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर "अमुक भावाच्या मानसिक स्थितीसाठी प्रार्थना करा" असा निरोप फिरला की तो भाऊ पुढचे सहा महिने चर्चला येत नाही. हेतू चांगला असतो, घाव खोल बसतो. डॉक्टरांवर गुप्ततेचं कायद्याचं बंधन आहे. कॅथलिक बांधवांना पापनिवेदनाच्या गुप्ततेची खात्री आहे. तिथे सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. बाकी ठिकाणी आपणच विचारून घ्यावं लागतं.

एक गोष्ट कळकळीने. कुणी "औषध बंद कर मगच प्रार्थना लागू पडेल" म्हणालं, भूत काढायचं म्हणून मारलं, बांधलं, उपाशी ठेवलं, तर तिथून निघा आणि आपल्या माणसाला बाहेर काढा. मनोरुग्णाला साखळदंड घालायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. येशूने दुःखी माणसांना हात लावला. बेड्या घातल्या नाहीत.

सातवं: प्रार्थना कशी करायची, कशी नाही

स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजेड नाही. तरीही ते शास्त्रात आहे. बेचाळिसाव्यात माणूस स्वतःलाच विचारतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" आणि गेथशेमानेत येशू पेत्र, याकोब, योहान यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न आहे, माझ्याबरोबर जागे राहा. त्याने शिष्यांजवळ सोबत मागितली. आपण का मागू नये?

आम्ही नवीन माणसाला स्वतःचा विलाप लिहायला सांगतो. हाक, तक्रार, मागणं, आणि जमला तर शेवटी विश्वासाचा एक शब्द. नाही जमला तर नको. पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस, कुणाला दाखवायचा नाही. जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात असंच लिहून घेऊन प्रयोग केले आणि मनात दाबलेलं लिहिल्याने अनेकांच्या प्रकृतीला फायदा दिसला. लिहिताना जुना मार, जुना अत्याचार उसळून आला आणि सोसेना, तर थांबा आणि ते सायकॉलॉजिस्टकडे घेऊन जा.

विचारांवर काम करणारी उपचारपद्धती, सीबीटी, इथे छान जुळते. "मी नालायक बाप आहे" असा विचार आला की तो कागदावर घ्यायचा, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्ध पुरावे, मग जरा खरा विचार. वचन या शेवटच्या जागी येऊ द्या. पहिल्याच जागी आणलंत तर ते झाकण होतं: आत वाफ साठत राहते आणि वर "प्रभू माझा मेंढपाळ आहे" लिहिलेलं.

काहींची प्रार्थनाच आजारी पडते. तेच पाप पुन्हा-पुन्हा कबूल करायचं, प्रार्थना "बरोबर झाली नाही" म्हणून वीस वेळा परत, पवित्र आत्म्याविरुद्ध आपण बोललो तर नाही ना ही धास्ती. हा ओसीडीचा, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा-पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये मानरेसात हेच भोगलं. शंकांनी ते जीव द्यायच्या विचारापर्यंत गेले होते. अशा वेळी आणखी पापनिवेदन, आणखी उपास म्हणजे आगीत तेल. उपचार उलटा आहे: शंका येऊ द्यायची आणि परत तपासायचं नाही, डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली थोडं-थोडं. आणि एकच पाळक किंवा फादर ठरवायचे, त्यांनी एकदा सांगितलं की पुरे.

दारूचं वेगळं

यावर मी थांबून लिहितो, कारण इथे चांगल्या मनाने माणूस मारला जाऊ शकतो. प्रार्थनासभेत भाऊ उभा राहतो, रडतो, "आजपासून थेंब नाही" म्हणून शपथ घेतो. सगळे आमेन म्हणतात. पण जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने एका रात्रीत सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत कंप, घाम, भास, बडबड असं डिलिरियम होऊ शकतं. त्यात जीव जातो. त्याला भास होतात, तो किंचाळतो, आणि लोक म्हणतात सैतान निघतोय. निघत असतो तो जीव. अशा माणसाची शपथ घ्या जरूर, पण त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे न्या. काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व यांनी हा टप्पा सुरक्षित पार पडतो.

त्यानंतरच्या वाटेसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आहे, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट. १९३५ मध्ये अमेरिकेत दारू नुकतीच सुटलेला एक शेअर दलाल आणि दारूत बुडालेला एक शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले आणि हे सुरू झालं. त्याची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत: चूक कबूल करणं, भरपाई करणं, दुसऱ्याला मदत करणं. फी नाही, आडनाव नाही.

वडिलांना क्षमा

आमच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ या विषयाला लागतो. पट्ट्याने मारणारा बाप, कधी न बोललेला बाप, लवकर गेलेला बाप. "क्षमा कर" हे आज्ञेसारखं सांगितलं की माणूस तोंडाने करतो आणि रात्री दात खातो. एव्हरेट वर्दिंग्टन हे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ क्षमेचा अभ्यास करत असतानाच, १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास, घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या आईचा खून केला. त्यांनी आखलेल्या पाच पायऱ्या अशा: दुखापत जशी झाली तशी आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं, क्षमा भेट म्हणून देणं, ती कुणासमोर तरी बोलून पक्की करणं, आणि शंका आली तरी धरून ठेवणं. पहिल्या पायरीला आमच्याकडे काहींना वर्ष लागलंय. लागू द्या. क्षमा केली म्हणजे मारणाऱ्याच्या घरात परत राहायला गेलं पाहिजे असं नाही, आणि स्वतः बायकामुलांवर हात उचलणाऱ्याने "मला क्षमा झाली" म्हणून ते प्रकरण मिटवायचं नाही.

पाच-सहा जणांची खोली

गट सुरू करायचा तर सहाच्या वर नको. दीड तास, ठरलेली वेळ, फोन टोपलीत. पहिल्या फेरीत सल्ला नाही आणि वचनही नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडलं तिथून बिघडलं. समोरासमोर बोलणं जड जात असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढत किंवा सोमेश्वरकडे चालत बोला. खांद्याला खांदा लावून पुरुष जास्त मोकळे होतात. नंतर मिसळ खाल्ली तरी चालेल, आम्ही खातो. कुणी मरणाचं बोलला तर त्याला एकट्याला घरी सोडायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून ठेवा.

साक्ष देण्याची घाई

बरं वाटायला लागलं की मंडळीतून आग्रह होतो: "भाऊ, माइकवर साक्ष द्या." देऊ नका, निदान वर्षभर. माइकवर गोष्ट आपोआप सुबक होते, "गोळ्या सुटल्या, प्रभूने मुक्त केलं" असं तोंडातून निघून जातं, आणि मग खरंच सोडाव्या लागतात, कारण आता सगळे बघतायत. नैराश्याच्या पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. द्यायचीच असेल तर गोळीसकट द्या. मी दिली तेव्हा डॉक्टरांचंही आभारप्रदर्शन केलं, आणि नंतर पार्किंगमध्ये तीन जण नंबर मागायला आले.

शेवटचं पान घरच्यांसाठी. आजार परत येतोय हे आपल्याला सगळ्यांत उशिरा कळतं, म्हणून तीन खुणा लिहून बायकोकडे किंवा भावाकडे द्या, डॉक्टरांच्या नंबरासह. माझ्या अशा आहेत: पहाटे तीनला जाग, गाणी म्हणताना नुसते ओठ हलवणं, आणि मुलीच्या अभ्यासाला बसायचं टाळणं. मागच्या पावसाळ्यात बायको म्हणाली, "अहो, दोन रविवार झाले, तुमचा आवाज येत नाहीये." मी फोन लावला. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली, आणि जाताना वही बरोबर नेली.